मजकूर लव्हडे

न्यूलिनच्या धक्क्यावर, मासळीच्या लिलावघराच्या वर
ट्रेगेन्झा वकिलांची कचेरी. साल अडुसष्ट.
टाइपरायटरवर मिस उरेन.
नव्या उमेदवाराला, डेन्झिलला, पहिल्याच दिवशी तिनं बजावलं :
"इथं नाव एकदाच घ्यायचं.
पुरतं घ्यायचं, पत्त्यासकट.
मग नुसतं बोट दाखवायचं."

आणि बोटं तरी किती!
'सेड' हे आखूड, करंगळीएवढं,
नावाला खेटून उभं : द सेड जॅगो.
'अफोरसेड' त्याचाच थोरला भाऊ, कोट घालून आलेला,
नावाच्या पुढे उभा करा, मागे करा, त्याला चालतं.
'अफोरमेन्शन्ड'वर मात्र तिचा राग.
"केवढं लांबलचक! आणि मेन्शन म्हणजे काय,
जाता जाता निघालेलं नाव.
जाता जाता ज्याचं नाव निघालं
त्याला आपण घर लिहून देत नाही, डेन्झिल."

'अबव्ह' आळशी. कागदाच्या भरवशावर जगतो;
पान उलटलं की कुठलं वर आणि कुठलं काय.
'फोरगोइंग' म्हणजे आत्ताच पुढे गेलेलं.
"हा माणसांना लावू नकोस. कलमांना लाव.
माणसं अशी क्रमानं जात नाहीत."
डेन्झिलनं सगळं वहीत उतरवलं,
हे शेवटचं वाक्य सोडून.

मार्चमध्ये जॅगो नान्कॅरो आला,
ढोपरापर्यंत बूट, मनगटावर सुकलेले खवले.
मृत्युपत्राचा मसुदा त्याला वाचून दाखवला.
तो म्हणाला, "दुसऱ्या कलमात ती नुसती लव्हडे.
चौथ्यात सेड लव्हडे. सहाव्यात अफोरसेड.
बायकोला बढती मिळतेय का माझ्या?"

मिस उरेन हसली नाही.
चूक तिचीच होती. एका कागदात दोन बोटं वापरली
की वाचणाऱ्याला वाटतं, बायका दोन.
सगळं पुन्हा टाइप केलं, 'सेड' तेवढा ठेवून.
नववं कलम जॅगोनं हट्टानं घातलेलं :
भिंतीवरचं घड्याळ भाची टॅम्सिनला,
'ज्याला माय सेड वाइफ दर रविवारी किल्ली देते.'

सही मे महिन्यात ठरली.
लव्हडे एप्रिलमध्ये गेली.

मग दुसरं कलम काढलं. चौथं काढलं.
सहाव्यातली होडी पुतण्याकडे वळवली.
'देते'चं 'देई' झालं.
आकडे सरकले, नवव्याचं सातवं झालं,
आणि डेन्झिलचं बोट तिथं अडलं :
"हा सेड लोंबकळतोय, मिस उरेन.
मागे कुठंच नाही ती."

(आपल्या जुन्या दस्तांत अशा बाईला मजकूर बाई म्हणत,
आणि लिहिलेल्या सगळ्यालाही मजकूरच.
नान्कॅरोच्या कागदावर मजकूर होता,
मजकूर बाई नव्हती.)

खोडायला कितीसा वेळ, चार अक्षरं इंग्रजी.
पण तिनं आधी विचारलं.
समजावूनही सांगितलं : हा शब्द मागे बोट दाखवतो,
आणि मागे आता कोणी नाही.
"कागदात नाही," जॅगो म्हणाला.
"नाही."
"मग कागदाच्या आधी असेल."

मिस उरेननं खोडरबर खणात टाकलं.
ट्रेगेन्झांनी सातवं कलम वाचलं,
चष्मा काढला, पुसला,
जरा जास्तच वेळ पुसला,
आणि सहीची जागा दाखवली.
खाली बांगड्यांच्या पेट्यांचा लिलाव चालू होता,
कोणीतरी आकडा ओरडत होतं,
तोच आकडा, पुन्हा.